शेरा : आतून पोकळ

१४ डिसेंबर, शनिवार

पहिली काडी निघाली. साग क्र. १. बोअरर म्हणजे पोकळ गिरमिट. दोन्ही हातांनी दांडा फिरवत खोडात घालायचं आणि आतून पेन्सिलीएवढी लाकडाची काडी ओढून काढायची. पुण्याच्या सरांनी प्रात्यक्षिकात चुटकीसरशी काढून दाखवली होती. मला पाऊण तास लागला. उजव्या तळव्याला दोन फोड. पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला घेतली की हे असं.

पण वलयं दिसली! नुसत्या डोळ्यांनी. जाड, बारीक, जाड, बारीक, बारीक. एकेक म्हणजे एकेक पावसाळा. इथल्या पावसाच्या नोंदी जिथे संपतात त्याच्याही मागचे पावसाळे या काड्यांवरून वाचायचे, एवढाच माझा विषय.

जागा : निडी स्टेशनवरून चालत वर वाडी, वाडीच्या डोक्यावर बापदेवाचं रान, रानाच्या कडेला रस्त्यालगत अकरा जुने साग. परवानग्या दोन लागल्या. वनखात्याच्या कचेरीची मिळायला चार महिने. हिराजीबाबांची एका चहात. बाबा देवाची पूजा करतात. रानातलं पानसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय कोणी उचलत नाही.

बाबा खांद्याशी उभे राहून बघत होते.
"काय काडतेस गो बाय? रगत?"
म्हटलं, किती सालात किती पाऊस झाला ते बघते.
"मला इचार ना मग. झाडाला कशाला तरास?"

बाबांची सून सुगंधा भोक बुजवायला मेण घेऊन आली. सर म्हणतात भोक उघडं ठेवलेलं बरं, झाड आपलं आपण भरून काढतं. पण तिथे सर नव्हते, सुगंधा होती. मेण लावलं.

१५ डिसेंबर, रविवार

आज सहा झाडं. हात गेले कामातून.

क्र. ४ ला बोअरर वीतभर आत गेला आणि एकदम सैल. दांडा नुसताच फिरायला लागला. काडी ओढली तर अर्धी लाकूड, पुढे तपकिरी भुसा. क्र. ७ चं तेच. सात नंबर तर सगळ्यात देखणा. सरळ खांबासारखा. बाहेरून कुठे काही कळत नाही.

सुगंधाला सांगितलं, आतून पोकळ आहे. ती खोडावर थाप मारून म्हणाली, "माझी सासू असंच बोलायची. तिच्या लहानपनी हितं मोहळ व्हतं आत."
म्हणजे साठ-सत्तर वर्षं पोकळ. आणि उभा.

२२ डिसेंबर, रविवार

घरभर भुसा. काड्या लाकडी खाचेत चिकटवून, पॉलिश पेपरने घासून आरशासारख्या करायच्या. पहिला पेपर जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. नवऱ्याची, वि. ची, सेकंड शिफ्ट, त्यामुळे सकाळ त्याची रिकामी. तोही घासायला बसला. नागोठण्याच्या कंपनीत वीस वर्षं व्हॉल्व्ह तपासणारा माणूस, हात माझ्यापेक्षा स्थिर. "यात तुझ्या जन्माचं साल कुठलं?" म्हणाला. दाखवलं. बऱ्यापैकी रुंद निघालं. खूश झाला, जसं काही त्यानेच पाऊस पाडला.

कालच्या चारांसकट अकराही झाडं झाली. नऊ भरीव, दोन पोकळ.

३ जानेवारी, शुक्रवार

परवानगीची अट : कामानंतर कचेरीत तक्ता द्यायचा. झाडाचा क्रमांक, घेर, उंची, स्थिती. कॉलेजच्या दोन तासांच्या मधल्या वेळात भरला. 'स्थिती'चा रकाना बोटभर रुंद. नऊ ठिकाणी 'भरीव', दोन ठिकाणी 'आतून पोकळ'. पोच घेतली. चला, एक काम संपलं.

१९ जानेवारी, रविवार

सुगंधाने पोपटीला बोलावलं होतं. वालाच्या शेंगा यंदा भरल्यात चांगल्या. मडकं उपडं करून भोवती जाळ, आत शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला. वि. पण आला. बोटं भाजत खाल्लं.

खाऊन झाल्यावर बाबा जवळ येऊन बसले. आधी वालाचं बोलले, मग गुडघ्याचं. मग हळूच :
"बाय, माजं साल सांगशील काय?"
कसलं साल?
"जलमाचं. आधारवर एक जानेवारी घातलीय. मास्तरनं तोंडाकडं बगून घातली."

त्यांच्या आईने सांगितलेलं एवढंच : लावणी झाली आणि पाऊस गेला तो गणपती येऊन गेले तरी नाही. रोपं करपली. मग आला तो धो धो. त्या साली हिराजी.

"झाडाला ठाव असंल ना? ते हितंच व्हतं."

सुगंधा हसायला लागली, "आता कशाला पायजे तुमाला?" बाबा तिच्याकडे बघेनात. माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, शोधते. म्हणायला नको होतं का? पण कोणी माझ्या विषयाला इतका साधा प्रश्न आजवर विचारला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन रविवार सूक्ष्मदर्शकावर. बाबांचं साल मिळत नाही.

पाऊस मधेच महिनाभर गेला की साग वाढ थांबवतो, परत आला की परत सुरू. मग एकाच वर्षात दोन वलयं झाल्यासारखी दिसतात. खोटं वलय. बाबांच्या आईने सांगितलं तसं साल असेल तर ते असंच दिसायला हवं. पण काडी ही पेन्सिलीएवढी. तेवढ्यावर खरं कुठलं, खोटं कुठलं, ठरत नाही. तीन ठिकाणी शंका. तीन जागांमध्ये सात वर्षांचा फरक.

सरांना फोटो पाठवले. उत्तर : 'पूर्ण चकती असती तर लगेच कळलं असतं. काडीवरून घाई नको.'

पूर्ण चकती म्हणजे झाड आडवं. असो.

१८ मार्च, मंगळवार

सुगंधाचा फोन, मी वर्गात असताना तीनदा. तास संपल्यावर लावला.

"मॅडम, झाडांवर लाल रंग मारलाय."

कुठल्या?

"चार, पाच, सात आनि आठ. कागद लावलाय. तुमचं नाव हाय त्याच्यावर."

दुपारची गाडी पकडून निडी. खरंच आहे. रस्ता रुंद होणार आहे, वर खाणीपर्यंत. 'रहदारीस धोकादायक झाडे'. क्र. ४ आणि ७ : आतून पोकळ, संदर्भ अमुक तारखेचा संशोधन अहवाल. खाली माझं नाव, पदवी, कॉलेज. पाच आणि आठ : 'रस्त्याकडे झुकलेली'. पाच तसूभरही झुकलेला नाही.

माझाच तक्ता. माझंच अक्षर, झेरॉक्समध्ये थोडं फिकं झालेलं.

बाबा पारावर बसले होते.  

२० मार्च, गुरुवार

कचेरी. साहेब नम्र. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना?"
हो.
"मग चूक आहे का त्यात?"
चूक नाही. पण पोकळ म्हणजे पडणार असं नसतं. बाहेरचं कवच चांगलं असेल तर साग पन्नास वर्षंही...
"तसं लिहिलं नाहीत."
रकान्यात जागा नव्हती.

हे मी खरंच बोलले. रकान्यात जागा नव्हती. ते हसले, वाईट नाही, सहानुभूतीनेच. "द्या ना मग तसं पत्र. आम्ही पुढे पाठवतो." तिथेच बसून दोन पानी पत्र लिहिलं. पाच नंबर झुकलेला नाही, हेही लिहिलं. पोच मिळाली.

बाहेर पडताना लक्षात आलं, पोच मिळाली की मला बरं वाटतं. अगदी मागच्या वेळेसारखंच.

२४ मार्च, सोमवार

सरांना फोन केला. दहा मिनिटं सगळं सांगितलं. ते शांत ऐकत होते. शेवटी :

"वाईट झालं. पण तोडणारच असतील तर चकत्या घे. चारही झाडांच्या. जमिनीपासून हातभर उंचीवर, आडवा काप. उत्तर दिशा खडूने आखून ठेव. अशी संधी परत यायची नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेयस ना? तू नाही घेतल्या तरी झाडं जाणारच. मग निदान वाया तरी जाऊ नयेत."

त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही, हाच त्रास.

वि. ला सांगितलं. तो बूट काढत म्हणाला, "सर बरोबर बोलतायत." मग जरा वेळाने, "पण तू तिथे उभी राहणार?"

२ एप्रिल, बुधवार

कचेरीचं उत्तर आलं. तीन ओळी. 'आपण वृक्षांच्या बळकटीबाबत मत देण्यास प्राधिकृत नसल्याने आपले पत्र केवळ माहितीस्तव ठेवण्यात येत आहे.'

पोकळ म्हणायला प्राधिकृत होते. मजबूत म्हणायला नाही.

वकील गाठायचं म्हटलं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ अलिबागला आहे. त्याने कागद बघितले, वडखळ नाक्यावर चहा पिता पिता. "मॅडम, तुमच्याविरुद्ध तुमचाच पुरावा आहे. गावाने अर्ज करावा." गावाने म्हणजे कोणी? वाडीतल्या निम्म्या घरांना रस्ता हवाय. का नको असावा? पावसात कच्च्या रस्त्यावर गाडी चढत नाही, आजारी माणसाला अजून खुर्चीवर बसवून खाली आणतात. सुगंधाचा नवराच म्हणाला, "मॅडम, चार झाडं गेली तरी सात ऱ्हातील ना."



८ एप्रिल, मंगळवार

गेले. खडू घेऊन.

सकाळी आठला सुरू. आधी फांद्या, मग दोर, मग बुंधा. चार नंबर सगळ्यात आधी. कटरवाला सांगलीकडचा, बोलका. "कुठं कापू ताई? बोला तुम्ही, तसं कापतो." मी वाकून खडूने रेघ मारली. उत्तर दिशेला बाण काढला. बाण वाकडा आला. परत काढला.

वाडीतल्या बायका वरच्या बांधावर उभ्या. कोणी ओरडलं नाही, रडलं नाही. त्यांना दिसत होतं ते एवढंच : आधी ही बाई आली, झाडांना भोकं पाडून गेली, मग कागद आला हिच्या नावाचा, आणि आता ही खडू घेऊन कुठं कापायचं ते दाखवतेय.

सुगंधा त्यांच्यातच होती. हात केला मी. तिने बघितलं आणि पदर सारखा केला.

सात नंबर पडला तेव्हा आवाज वेगळा आला. ढोलासारखा. कवच चांगलं चार बोटं जाडीचं होतं, टणक. त्यात पातं अडकून कटर दोनदा बंद पडला. कटरवाला म्हणाला, "हे कुठलं पडतंय ताई. हे आमच्यानं पाडवत नव्हतं."

पाच नंबर गच्च होता, भरीव. मधोमध गाभ्यापर्यंत.

चारही चकत्या टेम्पोने पेणला घरी आणल्या. वि. ने आणि शेजाऱ्यांनी मिळून उतरवल्या. व्हरांडा भरला. सागाचा ओला वास घरभर. जेवले नाही.

९ एप्रिल, बुधवार

कॉलेजला रजा. काही नाही. पडून.

१३ एप्रिल, रविवार

पाच नंबरची चकती घासली. सबंध दिवस. वि. ने कंपनीतल्या कोणाकडून घासायचं यंत्र आणलं होतं.

संध्याकाळी उन्हं तिरपी आली तेव्हा वलयं उठून दिसली, पाण्यात दगड टाकल्यावर दिसतात तशी, एकही तुटलेलं नाही. गाभ्यापर्यंत सगळे पावसाळे. हे मी चार महिने काड्यांवरून चाचपडत होते.

आणि ते दिसलं. बाहेरून आत मोजत गेले, मग आतून बाहेर, मग वि. ने मोजलं, मग परत मी. एक रेघ अशी की ती चकतीभर फिरत नाही. पाऊण वर्तुळ जाते आणि पुसट होत नाहीशी होते. खोटं वलय. आणि त्याच्या पुढे दाट, घाईने वाढलेलं लाकूड. पाऊस गेला, मग धो धो आला.

बाकीच्या दोन शंका निकालात निघाल्या. ती खरीच वलयं होती.

पेन्सिल ठेवली आणि चकतीवर कापड टाकलं. वि. म्हणाला, "काय झालं? सापडलं ना?"

सापडलं. म्हणूनच.

२० एप्रिल, रविवार

वाडीत गेले. आत बोलावतील की नाही माहीत नव्हतं. सुगंधाने पाणी दिलं. बसा म्हणाली नाही, पण पाट सरकवला.

बाबांना साल सांगितलं. आधारवर आहे त्यापेक्षा ते दोन वर्षांनी लहान आहेत. कसं कळलं, तेही सांगितलं. चकतीचा फोटो दाखवला, ती रेघ दाखवली. फोनवर बोट ठेवून त्यांनी ते रेघेवरून पुरं फिरवलं, संपते तिथपर्यंत.

"हितं पाऊस गेला?"
हो.
"आनि हितं आला?"
हो.

 मग फोन परत दिला.

"कंच्या झाडात गावलं?"
पाच नंबर.
"म्हंजे पाडलं म्हनून कळलं."
हो बाबा.
"मग नसतं कळलं तरी चाललं असतं गो."

रागाने नाही म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं. उठून शेळी बांधायला गेले.

सुगंधा दारापर्यंत आली. "बायका बोलतात, तुमी टोचलंत म्हनून पोकळ झाली." तूच नाही का सांगितलंस, सासूच्या लहानपणी मोहळ होतं ते? "मी सांगितलं त्यांना. पन ऐकतात व्हय?" मग म्हणाली, "मला पन कधी कधी तसंच वाटतं."

परतीच्या गाडीत कासूपर्यंत खिडकीशी डोकं टेकून. सरांचा मेसेज : 'उत्तम नमुना! यावर स्वतंत्र लेख होईल.'

६ मे, मंगळवार

दुसरा कागद. आता उरलेली सात.

'तोडलेल्या चारपैकी दोन वृक्ष आतून पोकळ आढळल्याने उर्वरित वृक्षांची अंतर्गत स्थितीही संशयास्पद.' आढळल्याने! जसं काही त्यांना पाडल्यावर कळलं. माझ्या जानेवारीच्या तक्त्यात सातही 'भरीव' आहेत. ते नाही चालत. एका झाडाला एकच काडी घेतली होती, ती एकाच बाजूची, दुसऱ्या बाजूचं काय?

 खरंच, दुसऱ्या बाजूचं काय?

साहेबांनी स्वतःहून फोन केला. आवाजात तीच नम्रता. "मॅडम, मी तुमच्यासाठी एक वाट काढलीय. मूळ अहवाल तुमचा, म्हणून फेरतपासणीही तुमचीच धरू. प्रत्येक झाडाला चारही बाजूंनी टोचा. भरीव निघालं तर तसं लिहून द्या, ते झाड वगळतो. १९ तारखेला पाहणी आहे, त्याच्या आत."

मागच्या पत्राला तर प्राधिकृत नाही म्हणालात.
"पोकळ-भरीव सांगायला आहात ना. तेवढंच पुरे."

सात गुणिले चार. अठ्ठावीस भोकं.

११ मे, रविवार

वाडीच्या देवळात बैठक. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं. भरीव निघालं तर झाड वाचेल. पोकळ निघालं तर मी खोटं लिहिणार नाही. हे वाक्य घरून ठरवून गेले होते. तिथे बोलताना ते किती निर्लज्ज वाटलं.

मागून एक बाई, "मागल्या टायमाला खरं लिवलंत, त्याचं काय झालं?"

कोणी हसलं नाही.

सुगंधाचा नवरा म्हणाला करू द्या, निदान काही तरी वाचेल. दुसरे म्हणाले रस्ता होऊ दे एकदाचा. बायका म्हणाल्या भोकं नको. बाबा खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "मी काय सांगू? मी तिला एकदा व्हय बोललो ना."

ठरलं काहीच नाही. शुक्रवारी येते म्हणाले. हो-नाही कोणी म्हणालं नाही.

१६ मे, शुक्रवार

बोअरर, मेण, नळ्या, सगळं घेऊन सकाळी साडेआठला रानात. क्र. १ शी.

बायका आधीच येऊन बसल्या होत्या. बारा-तेरा जणी. झाडाला कडं करून वगैरे नाही, नुसत्या बुंध्याशी बसलेल्या. कोणी वाल निवडतंय, कोणी नातवंड मांडीवर घेऊन. मी पिशवी उघडली तशी सुगंधा उठली. पहिल्यांदाच मला तिने 'तू' म्हटलं.

"नको गो. हात लावू नको आता."

सुगंधा, नाही टोचलं तर ती सगळीच जातील.

"टोचलंस तर कोन वाचतंय? दोन वाचतील, पाच जातील. मग ती पाच तू दिलीस, असं व्हनार. आमी नाय देनार, तू पन नको देऊ."

मी म्हटलं, भरीव असतील सगळी.

"असतील?"

 सहाव्या नंबरची काडी डिसेंबरमध्ये शेवटी जरा भुसभुशीत लागली होती. मी 'भरीव' लिहिलं, कारण भरीवच होती, थोडीशी मऊ. ते मला एकटीलाच माहीत आहे. वि. ला पण नाही.

शिवाय अठ्ठावीस भोकांतून पावसाळ्यात पाणी उतरणार, बुरशी जाणार, हे काही अगदीच खोटं नाही. पुस्तकात दोन्ही बाजूंचं लिहिलेलं आहे.

पिशवी बंद केली. त्यांनी मला जागा करून दिली नाही, पण जा असंही म्हटलं नाही. तासभर उभी राहिले. मग खाली उतरले.

साहेबांना फोन : फेरतपासणी झाली नाही. "मग माझा नाइलाज आहे मॅडम." त्यांचाही आहे, असेल. सगळ्यांचाच आहे.

१७ मे, शनिवार

सरांशी बोलणं. लेखाचा आराखडा मागतायत. म्हटलं, सात झाडं जातायत. "त्यांच्याही चकत्या..." असं म्हणाले आणि थांबले. मग, "सॉरी. सवय आहे ही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज म्हातारा वाटला. म्हणाले, "माझ्याकडे पुण्याला खोलीभर चकत्या आहेत. त्यातली बरीचशी झाडं अशीच गेलेली. मी कधी कुठे जाऊन उभा राहिलो नाही."

उपयोग काय होतो, उभं राहून?

"माहीत नाही ना. म्हणूनच म्हटलं."

१८ मे, रविवार

सुगंधाचा फोन. मागे कोंबड्यांचा कालवा.

"बाबा बोलतात, उद्या ये. ते हत्यार आनू नको."

मग येऊन काय करू?

तिने फोनवरून तोंड बाजूला करून बाबांना विचारलं. लांबून त्यांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत.

"बोलतात, काय नको करू. नुसती ये."

वि. ची नाइट आहे. म्हणाला, सुटल्यावर परस्पर निडीला येतो. झोप की, म्हटलं. "तिथे झोपेन झाडाखाली."

१९ मे, सोमवार

रानात बसून लिहितेय. वही सोडून काही आणलेलं नाही. हातांना सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.

नऊ वाजून गेले, पाहणीवाले अजून आलेले नाहीत. आज बायका तर आहेतच, शिवाय सहा-सात पुरुष. सुगंधाचा नवराही, लांब बांधावर, कुठल्या बाजूचा ते त्याचं त्यालाच माहीत नसल्यासारखा. बाबांनी देवाला दिवा लावला आणि येऊन माझ्याशेजारी टेकले. कोणी भाषण करत नाही. कोणाला ते येतही नाही. घोषणा द्यायची का, असं एकाने विचारलं, तर बाकीचे लाजले.

वि. आला साडेनऊला. सेफ्टी शूज काढून, पाय पसरून, खरंच डोळे मिटले त्याने.

बाबांना विचारलं, ते लोक आल्यावर काय बोलायचं? तुम्ही बोलणार का?

"मी? मला काय येतं."

मग मी बोलू?

"काय बोलशील?"

विचार केला. पोकळ-भरीव सोडून या झाडांबद्दल मला काय माहीत आहे? कुठल्या साली किती पाऊस पडला, ते. त्याने काय होणार. तेच म्हटलं बाबांना. ते म्हणाले, "मग बस की."

सुगंधा चहा वाटतेय. स्टीलचे पेले सगळ्यांना पुरेनात. मला आणि बाबांना एकच दिला. आधी तुम्ही घ्या म्हटलं, त्यांनी अर्धा पिऊन दिला.

खालून गाडीचा आवाज. वळणावर कचेरीची जीप आली, मागे लाल रंगाचे डबे लादलेला टेम्पो. बायकांनी वाल निवडणं थांबवलं. वि. उठून बसला.

जीप वळणावरच थांबलीय. आत तिघे दिसतात. पुढचा आमच्याकडे बघतोय, फोनवर कोणाशी तरी बोलतोय. इंजिन चालू आहे.

अजून कोणी उतरलेलं नाही.